मिंगेलीनचा सादो

कोरगाव

प्रिय मिंगेलीन,

कॉन्व्हेंटात तुला सगळे सिस्टर म्हणतात, मला मात्र अजून जमत नाही. डॉक्टरांनी हात टेकल्याचं तू असं लिहिलंस, जणू पाव महाग झाल्याची बातमी. आणि खाली लिहिलंस, "माझा नवरा न्यायला येतोय. शवपेटीत मला माझा सादो हवा." वाचून दिवसभर शिलाईच्या मशीनवर बसवलं नाही.

तो तांबडा सादो, तुझा लग्नाचा झगा, शिवायला माझे बाबा तुमच्या ओट्यावर बसले, पहिला टाका घातला आणि तुझ्या भावांनी फटाके लावले, आठवतं? आम्ही हिंदू, तरी तुमच्या घरच्या सगळ्या नवरींचे सादे आमच्याच हातचे. बाबांनी मला बजावलं होतं, "व्हंकले आदीं हो कोणाच्या आंगाक लागपाक जायना." नवरीच्या आधी तो कुणाच्याच अंगाला लागता कामा नये.

मग तुझा होणारा नवरा लॉरेन्स बोटीवरून समुद्रात पडून गेल्याची तार आली. लग्नाला आठ दिवस होते. तुझ्या आईने सादो घरात नको म्हणून आमच्याकडे परत दिला आणि वर्षभरात तू ख्रिस्ताची नवरी व्हायला निघून गेलीस. मला त्या नवऱ्याचा राग यायचा. तुमचे पाद्री म्हणतात, सगळी इगर्ज, म्हणजे अख्खं चर्चच त्याची नवरी, तो येईपर्यंत तिने दिवा तेवत ठेवायचा. मी मात्र दरवर्षी पाऊस सरला की सादो उन्हात घालत आले. दुकानातला मोठा आरसा मी कधीच काढून टाकला. तरी रिकाम्या भिंतीत तांबडं काहीतरी हलतं.

ते मीच आहे, मिंगेलीन. लग्नाआधी सादो घालून बघायचा त्या दिवशी तुला ताप होता, आपलं माप एकच, बाबा बाजारात गेलेले. मी सादो घातला. माप बघायला नव्हे. लॉरेन्स मला आवडायचा. आरशासमोर घटकाभर मी त्याची नवरी झाले, आणि तो गेला. तुझ्या या नवऱ्यालाही माझी नजर लागू नये, म्हणून नवा सादो शिवला आहे. तो कुणाच्याच अंगाला लागलेला नाही. जुनाही सोबत आहे. त्याच्या बगलेत घामाचा डाग आहे, तो माझा. मला क्षमा केलीस तर जुना घालायला सांग. मी शेवटचं बघायला येईन, तेव्हा मला कळेल.

तुझीच,
सुलोचना