माझ्या दहाव्याला माईक नको

मी, गोरक्ष रंगनाथ ढगे, वय शहात्तर, निवृत्त फौजी व शेतकरी, रा. डोंगरपिंपरी, ता. जामखेड, जि. अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानाने कमी ऐकू येते. भाषणांच्या बाबतीत त्याचा फायदाच झाला.

१. राहते घर आणि विहिरीकडची जमीन मुलगा ज्ञानेश्वर याला. पाने-पकडींची पेटीही त्यालाच. वापरत नसेल तर निदान तेल लावून ठेवावी.

२. युद्धाचे पदक ज्ञानेश्वरने काचेत लावू नये. ते त्या वेळी सीमेवर असलेल्या सगळ्यांना मिळाले, आचाऱ्यालाही. सत्काराच्या शाली ट्रंकेत आहेत, त्या गावातल्या बाळंतिणींना द्याव्यात. बहुतेक शालींची घडीही मोडलेली नाही.

३. एकाहत्तरच्या लढाईत मी सुरुंग काढणाऱ्या तुकडीची लॉरी चालवत होतो. विजय दिनाच्या भाषणात तालुक्याचे पुढारी, म्हणजे आमचे साहेब, मला रणगाड्यावर चढवतात. नगरला रणगाड्यांचे लष्करी केंद्र आहे, म्हणजे नगरचा फौजी रणगाड्यावरच असणार, असा त्यांचा हिशेब. एकदा स्टेजवरच माईक मागून मी सांगितले, "साहेब, मी ड्रायव्हर होतो. सुरुंग गहिनीनाथ काढायचा." साहेबांनी माईक परत घेतला आणि म्हणाले, "पाहिलंत? खरा वीर असा असतो, स्वतःकडं श्रेय घेत नाही!" टाळ्या झाल्या. मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी माझा विनम्रपणा वाढत जातो.

४. गहिनीनाथ सांगळे माझ्याच गावचा. लढाई डिसेंबरात थांबली, पण सुरुंगांना ते कोणी कळवले नव्हते. सीमेवरच्या शेतकऱ्यांना रान मोकळे करून द्यायचे म्हणून तो फेब्रुवारीतही सुरुंग काढत होता. "गोऱ्या, गाडी मागं घे," म्हणाला. मी घेतली, म्हणून हे लिहायला उरलो. साहेबांच्या भाषणात युद्ध विजयावर संपते, त्यानंतर गेलेला माणूस त्यात बसत नाही. शिवाय शाल घालायला समोर कोणीतरी जिवंत लागते. याचा मला राग आहे. तो सोबत नेत नाही, इथेच ठेवून जातो.

त्याची पत्नी झुंबरबाई कार्यक्रमाला येऊन मागे बसतात. मला म्हणतात, "भाऊजी, नका भांडू. त्यांच्या भाषणात यांना जागा न्हाई. मला ठावं हाय, तुमाला ठावं हाय, बास झालं." बास झालेले नाही.

५. स्टँडजवळचा जमिनीचा तुकडा साहेबांना माझ्या स्मारकासाठी हवा आहे. रणगाड्यावर उभा पुतळा. चित्रही काढून आणले आहे. ज्ञानेश्वरने तोंडी होकार दिल्याचे कळते. तो तुकडा मी झुंबरबाईंना मालकी हक्काने देत आहे. तिथे त्यांनी दगड बसवावा किंवा शेळ्या बांधाव्यात. दगड बसवलाच तर त्यावर गहिनीनाथचे नाव आणि ११ फेब्रुवारी १९७२ ही तारीख असावी. सोयीसाठी ती डिसेंबर करू नये.

६. हे सर्व अमलात आणण्याचे काम नात निकिता हिच्याकडे देतो. तिला साहेबांना नाही म्हणता येते.

७. आपल्याकडे दहाव्याला पिंड मांडून कावळ्याची वाट पाहायची आणि तोवर पुढाऱ्यांनी बोलायचे, अशी रीत पडली आहे. माझ्या दहाव्याला माईक नको. साहेब आले तर त्यांना चहा द्यावा, सतरंजीवर बसवावे. कावळा शिवेना झाला तर ज्ञानेश्वरने घर सांभाळतो, पोरांचे बघतो असली वचने देऊ नयेत. तिथे माझा जीव अडकलेला नाही. झुंबरबाईंना पुढे बोलवावे. नवऱ्याचे नाव त्यांनी उखाण्याखेरीज कधी घेतलेले नाही. माझ्यासाठी एकदा घ्यावे, साहेबांना ऐकू जाईल असे. मग कावळा शिवेल.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. निकिताने तो मोठ्याने वाचून दाखवला, मला पटला, म्हणून दोघांसमोर सही करतो.

सही: गोरक्ष रंगनाथ ढगे

साक्षीदार:
१. भीमा लक्ष्मण खाडे, शेजारी
२. शामकांत वासुदेव जोशी, निवृत्त शिक्षक

ठिकाण: डोंगरपिंपरी
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६