हरणांच्या वाट्याचा हरभरा

केडगाव, अहिल्यानगर
दि. २८ डिसेंबर २०२५

ती. सौ. लंकावहिनींस,
राम याचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण अत्यंत गंभीर आहे. आपण मिरजगावच्या एसटीत वाहकाकडे दिलेली हरभऱ्याच्या डहाळ्याची जुडी मला स्टँडवर मिळाली. म्हणजे जुडी मिळाली. घाटे वाटेतच उतरले. काड्यांचा भारा माझ्या हातात देताना वाहकानं 'गोड होते हो' अशी पोचही दिली. एका नागरिकाच्या तोंडचा घास सरकारी वाहनात लुटला जातो आणि वर्तमानपत्रांत त्याबद्दल चकार शब्द नाही. मी माझ्या सदरात लिहिणार होतो, पण संपादक म्हणाले, याहून मोठे घोटाळे रांगेत आहेत.

दुसरी बातमी दादाकडून कळली, तीही तक्रारीच्याच सुरात. सोनमाळवाडीच्या विकास आराखड्यात माळाची नोंद 'पडीक' अशी व्हायची होती, म्हणजे पुढेमागे तिथं गोदामं उठायला मोकळीक. तर तुम्ही बचत गटाच्या बायका घेऊन पंचायतीत ठाण मांडलंत: माळ पडीक नाही, कुरण आहे, त्यावर मेंढरं चरतात, काळविटं राहतात, तसंच लिहा. वहिनी, सरकारी भाषेत ज्या जमिनीवर चहाची टपरीसुद्धा नाही ती पडीकच. दादाचं दुखणं वेगळं आहे. माळाला लागून शेत आपलं. हरणं राहिली तर हरभरा जाणार आपला आणि कौतुक होणार गावाचं. मला त्याचं पटतं, पण तुमच्याशी वाकडं घेऊन पुढच्या जुडीवर पाणी सोडण्याची हिंमत नाही.

फोनवर दादा मधेमधे बोलतो, तेव्हा उत्तर पत्रानंच द्यावं. लोभ आहेच, तो टोमण्यांसकट वाढवावा.

आपला दीर,
राम

सोनमाळवाडी, व्हाया मिरजगाव
दि. ५ जानेवारी २०२६

चि. रामभावजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घाट्यांचं ऐकून वाईट वाटलं. तो वाहक माझ्या माहेरचा निघाला. त्याला सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला काड्या तू खायच्या.

माळाचं आता असं ठरलंय. सरपंच गहिनीनाथ म्हणाले, मामी, तुमच्या शब्दाला मान आहे, पण कागदाला पुरावा लागतो. बारा तारखेला वनखात्याचे दोघे साहेब येणार आहेत. त्यांनी माळावर हरणं आपल्या डोळ्यांनी पाहिली तर सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत 'कुरण' लिहायचं, नाहीतर 'पडीक'. हरणं तर रोज सकाळी दिसतात, त्यामुळं मी निवांत आहे.

निवांत नाहीत ते तुमचे दादा. माझ्याशी बोलत नाहीत असं नाही, पण जेवताना ताटाशी बोलतात. औंदा या ताटात हरभऱ्याची डाळ दिसंल का, कुणीतरी इचारा, असं. त्यांचं खोटंही नाही. मागच्या साली हरणांनी अर्धं रान खाल्लं, तेव्हा गावातलं एक माणूस बांधावर डोकवायला आलं नाही. पण भावजी, माळ गेला तर हरणं काय केडगावला फ्लॅट घेणार आहेत? ती सगळीच्या सगळी आपल्या रानात येऊन बसतील. हे त्यांना मी दोनदा सांगितलं. आता तुम्ही लिहून बघा, छापलेलं त्यांना लवकर पटतं.

तब्येतीला जपा, आणि कार्डावर भागवू नका, पानभर लिहा.

तुमची वहिनी,
लंका

सोनमाळवाडी
दि. २८ जानेवारी २०२६

चि. रामभावजींस,
अ. उ. आशीर्वाद.

सांगूनही तुम्ही कार्डच पाठवलंत. साहेबांनी हरणांकडे रहिवासी दाखला मागू नये, असं त्यात लिहिलं होतं. ते मी बचत गटात वाचून दाखवलं आणि सगळ्या हसल्या. बारा तारखेला मात्र हसू आटलं.

साहेब येणार म्हटल्यावर गावानं तेच केलं जे आपण कुठल्याही तपासणीला करतो. स्वच्छता. वाटेच्या कडेचं गुडघाभर गवत कापून काढलं, चुन्याच्या रेघा मारल्या, माळावर मांडव घातला आणि सकाळपासून कर्ण्यावर देशभक्तीची गाणी लावली. मांडवापुढं रांगोळीत काळवीट काढलं. रांगोळी माझीच, शिंगं चांगली आली होती. सगळं जागच्या जागी होतं, फक्त हरणं नव्हती.

साहेबांनी शाल-नारळ घेतला, चहा घेतला आणि विचारलं, कुठं आहेत? गहिनीनाथ माझ्याकडं बघताहेत, मी माळाकडं. तेवढ्यात शेजारचा श्रीमंत पळत आला. गाण्यांना भिऊन सगळा कळप आपल्याच हरभऱ्यात शिरला होता. तुमचे दादा उठले. हातात गोफण. मी म्हटलं, संपलं. एक दगड सुटला की कळप ओढ्यापलीकडं जाणार, पुन्हा दिवसभर दिसायचा नाही, आणि साहेब 'नव्हती' असं लिहून जाणार.

मीही मागं गेले. बांधावर उभे राहिले ते. समोर भरल्या घाट्यांत तोंडं घालून हरणं खात होती. तुमच्या दादांनी जरा वेळ त्यांच्याकडं बघितलं. मग गोफण गुंडाळली, खिशात घातली, मांडवात येऊन कर्ण्याची वायर उपटली आणि एवढंच म्हणाले,

"समद्यांनी गवतात खाली बसा. पोट भरलं की ती आपल्या घरला जातील. तवर कुनी हलायचं न्हाई."

शाल पांघरलेल्या साहेबांपासून फेटेवाल्या सरपंचापर्यंत सगळं गाव खाली बसलं. कुसळं टोचत होती, पण हूं नाही की चूं नाही. हरणं सावकाश जेवली. मग काळा नर बांधावर आला, त्यानं मान फिरवून पाहिलं आणि उडी घेतली ती थेट माळावर. त्याच्यामागं माद्या, पाडसं, सगळा कळप साहेबांच्या समोरून उड्या मारत राहिलेल्या गवतात गेला. माझ्या शेजारी बसलेल्या बचत गटातल्या गोजरआत्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

परवाच्या ग्रामसभेत 'कुरण' लिहिलं गेलं, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर तुमचे दादा उभे राहिले. म्हणाले, हरणं गावाची, तर राखणही गावाची. मग ठरलं, माळाकडेच्या शेतांची राखण पाळीनं करायची, घरटी एक दिवस. दगड मारायचा नाही, नुसतं उभं राहून उपरणं हलवायचं. कुणीतरी म्हणालं, रामचंही घर गावात आहे, त्याच्या पाळीचं काय? तर तुमचे दादा म्हणतात, त्याची मी करतो, त्याला उभं राहायची सवय न्हाई. आज ते तुमच्या नावानं बांधावर गेलेत.

ताटाशी बोलणं बंद आहे. आता माझ्याशीच कुरकुरतात, आणि दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला कळपाची गोष्ट पहिल्यापासून सांगतात. डाळ यंदा विकत आणावी लागेल. तुमच्याकडं चांगली कुठं मिळते ते कळवा.

तुमची वहिनी,
लंका

सोनमाळवाडी, माळाकडेचा बांध
दि. १ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वरचा पत्ता चुकलेला नाही. पहिल्या गाडीनं आलो आणि घराकडं न वळता सरळ इथं आलो. वाटेत श्रीमंत भेटला, त्याच्याकडून कळलं की आज तुझी पाळी. त्याला सांगितलं, दादाला उठवू नको, आजचा दिवस माझा. तू माझ्या नावानं उभा राहिलास, मी तुझ्या नावानं उभा आहे. फिटलं. हे पत्र त्याच्याच हाती पाठवतो. वहिनींना एवढ्यात सांगू नकोस, त्या डबा घेऊन येतील आणि पाहणीही करतील.

वहिनींचं पत्र मी कॉलेजात, शिक्षकांच्या खोलीत, चार जणांना वाचून दाखवलं. इतकी वर्षं गावाची टिंगल करून सदर चालवलं. या खेपेला लिहायला बसलो तर टोमणाच सुचेना. शेवटी एकच वाक्य लिहिलं, की गोफण खिशात घातली तो माझा थोरला भाऊ. संपादक म्हणाले, यात विनोद कुठंय? म्हटलं, नाही. तसंच छापा.

खाल्लेला हरभरा पाहिला. डाळ मी आणली आहे, भाव विचारायचा नाही.

लोभाचं वेगळं काय लिहू, तो तुझ्याकडून न मागता मिळत आलाय. पत्र इथंच थांबवतो. काळा नर बांधाशी येऊन माझ्याकडं बघतोय. मला उभं राहायला हवं.

तुझा,
राम