दाभणासारखी संगीन

आबा, आज दुपारी शेजारच्या रशियन म्हाताऱ्याच्या तोंडून तुमचंच वाक्य ऐकलं. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, आणि ते वाक्य मला इथे, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये, मुलाच्या घरातल्या सोफ्यावर बसून पुन्हा ऐकावं लागलं. म्हणून लिहायला बसलोय. अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे, सातवीनंतर ते काही सुधारलं नाही.

इथला दिवस ओढल्याशिवाय सरत नाही. मुलगा-सून ऑफिसला गेले की घरात मी आणि फ्रिजची घरघर. लायब्ररीत व्हिडिओ कॅसेट मिळतात, त्यांत दुसऱ्या महायुद्धातल्या रशियन लढाईचे सिनेमेही आहेत, ते एकेक आणून बघतो. पलीकडच्या घरातला हा म्हाताराही माझ्यासारखाच, लेकीमागून इथे आलेला. तो त्या लढाईत होता. त्याचं इंग्रजी माझ्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जमतं. आज नातीला सुट्टी होती, तीही येऊन बसली. सिनेमा लढाईच्या पहिल्या हिवाळ्यातला. बर्फ, खंदक, काळवंडलेले चेहरे. मध्येच म्हातारा उठला आणि टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून म्हणाला, "नो! धिस रायफल, नो!" बंदुकीच्या टोकाची संगीन कशी मिटते ते त्याने हातानेच करून दाखवलं, चाकूचं पातं मिटावं तसं, आणि जोरजोरात मान हलवली. मग सुनेच्या विणकामाच्या टोपलीतली लांब सुई उचलून आपल्या काठीच्या टोकाशी धरली. "फर्स्ट विंटर, धिस! लाँग!"

नात म्हणाली, "आजोबा, ही मीन्स द गन इज राँग. दॅट वन केम लेटर."

"कळलं गं बाई मला," मी म्हटलं.

न कळायला काय झालं? मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तुम्ही फौजेतून परत आलाय आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पोती शिवताय. आई भाकरी थापतेय. मी विचारतो, आबा, रशियन शिपाई कसे होते? आणि तुम्ही हातातलं दाभण उभं धरता. "त्यांची संगीन अशी. सुरीसारखी नाही, दाभणासारखी. म्यान नाही की काही नाही, कायम बंदुकीवर चढवलेली." झाहिदानहून मशहदपर्यंत, इराणच्या वाळवंटातून, रशियासाठी सामानाचे ट्रक तुम्ही नेत होता, आणि तिथे ते शिपाई सामान उतरवून घ्यायचे. मी रोज तेच विचारायचो. तुम्ही रोज नव्यानं सांगायचा. आईच म्हणायची, "पुरे आता, भाकरी गार होतेय."

मग मी वर्कशॉपात लेथवर लागलो, युनियनचा सेक्रेटरी झालो, शिंगं फुटली. हॉलमध्ये चादरी जोडून पडदा केला आणि रशियन सिनेमा आणवला. मुंबईचे पुढारी पहिल्या रांगेत. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात, माझ्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच. तिथेही तोच पहिला हिवाळा होता आणि तीच मिटणारी संगीन. तुम्ही अंधारात उठून उभे राहिलात. "ही बंदूक तेव्हा नव्हती," तुम्ही म्हणालात, "तेव्हा त्यांची संगीन लांब होती, मिटायची नाही. मी त्या पोरांना..."

"आबा, खाली बसा!" मी ओरडलो. "तुम्ही ट्रक हाकलेत, लढाई नाही केलीत. ज्यांनी केली त्यांना कळत नाही, आणि तुम्हाला कळतं? उचलली जीभ लावली टाळ्याला!"

मागून कुणीतरी म्हणालं, "ड्रायव्हरसाहेब, ब्रेक लावा!" हॉल हसला. तुम्ही चपला हातात घेऊन बाहेर गेलात, आवाज होऊ नये म्हणून.

घरी आईने विचारलं, कसा होता सिनेमा. "चांगला होता, बर्फ बराच होता," एवढंच म्हणालात. मला एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. पण लढाईचं बोलणं तिथेच संपलं. पुढे माझ्या पोराने तुमच्या मांडीवर बसून विचारलं, आजोबा, बंदूक कशी होती? तुम्ही म्हणालात, "विसरलो रे बाळा." मी तिथेच बसलो होतो, पेपर वाचत.

आज या म्हाताऱ्याला कुणी खाली बसवलं नाही. नातीने विचारलं, "देन?" आणि तो बोलत राहिला. त्याचा एक मित्र होता, फार बुटका. बंदूक उभी धरली की संगीन त्याच्या डोक्याच्या वर जायची, सगळे त्याला चिडवायचे. पहिल्याच हिवाळ्यात गेला. सिनेमावाल्यांनी कोठारात होत्या त्या लढाईच्या शेवटच्या दिवसांतल्या, मिटत्या संगिनीच्या आखूड बंदुका वापरल्या, असं म्हणून त्याने खांदे उडवले. मग सुई परत टोपलीत ठेवत म्हणाला, "शॉर्ट रायफल, नो माय फ्रेंड." आखूड बंदुकीशेजारी त्याचा मित्र त्याला दिसेना, आबा. एवढंच त्याचं म्हणणं होतं. चूक काढायला कुठे उठला होता तो?

आणि तुम्ही. "मी त्या पोरांना..." पुढे काय होतं? चहा पाजला? त्यांच्यातला कुणी तुमचा दोस्त झाला होता? संध्याकाळपासून मी ते वाक्य पुरं करून बघतोय. एकही शेवट तुमच्या आवाजात येत नाही. ज्यांना विचारावं असं आता कुणी राहिलं नाही, आणि मीही थकलो.

सुनेने मघाशी विचारलं, "बाबा, पत्र लिहिताय? पत्ता द्या, मी उद्या ऑफिसमधून पोस्ट करते." म्हटलं, राहू दे, अजून पुरं झालं नाही.

पुरं झालं नव्हतं ते खरंच. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? त्या हॉलच्या भिंतीवर रशियन मासिकातलं एक चित्र मीच खळीने चिकटवलं होतं. पहिल्या हिवाळ्यातले शिपाई रांगेने चाललेत, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर लांबच लांब दाभण. सिनेमाच्या मशीनचा थोडा उजेड त्यावर पडत होता. तुम्ही उठलात तेव्हा माझी नजर आधी त्या चित्राकडे गेली होती, आबा. तुम्हाला खाली बसवलं ते त्यानंतर.