सपाट रस्त्याची पाहणी

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. पण पुढेमागे कोणी वाचलीच, तर अक्षर लागावं म्हणून नवीन पेन आणलं.
पर्यटन कचेरीची जाहिरात आली आहे. लांबच्या पल्ल्याच्या सायकलवाल्यांसाठी गावाबाहेरचे शांत, वाहनमुक्त रस्ते हवेत. ज्याचा रस्ता निवडला जाईल त्याचं नाव रस्त्याच्या तोंडाशी पाटीवर. वाचताक्षणी पाटी डोळ्यांपुढे उभी राहिली. आमच्या चष्म्याच्या दुकानावर अजून सासऱ्यांचं नाव आहे. एवढी वर्षं त्यांच्या नावाखाली बसून लोकांचे नंबर काढतोय. आता बास.
डॉक्टरांनीही वजनावरून सायकल सांगितलीच आहे. उद्या सायकल घेणे. परवापासून रोज पहाटे रस्त्यावर.

३ नोव्हेंबर
सायकल घेतली. भरपूर गिअर आहेत. सायकलवाल्याने विचारलं, दोन देऊ का, कारण सौ. पण हँडल हातात धरून बघत होती. तिचं म्हणणं, दोघं मिळून जाऊ, लग्नानंतर नदीपर्यंत जायचो तसं. मी समजावलं की हा हौसेचा विषय नाही, संशोधनाचा आहे. एक पुरे. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे.
हेल्मेटही घेतलं. घरी येऊन घातलं तर घट्ट. डोकं मोठं असणं हा काही दोष नव्हे. सौ. म्हणाली, असू दे घरात.

५ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
धुकं. सायकलला धोक्याचं.

५ नोव्हेंबर, सकाळी ९.३०
धुकं गेलं. आता ऊन.

७ नोव्हेंबर
नीट विचार केला. आधी गाडीने पाहणी, मग सायकल. कुठलंही शास्त्रीय काम टप्प्याटप्प्यानेच होतं. रस्ता न बघता सायकल घातली आणि काही बरंवाईट झालं, तर पाटी मरणोत्तर लागायची.
सौ.ला हे सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही करा पाहणी, मी जरा जाऊन येते. हल्ली रोज पहाटे ‘जाऊन येते’. चालण्याची आवड लागलेली दिसते. माझ्यामुळे घरात आरोग्याचं वातावरण तयार होतं आहे.

९ नोव्हेंबर
सापडला! जुन्या वीटभट्टीपाशी आत वळतो, ओढा ओलांडतो आणि थेट टेकडीमागच्या तळ्यापर्यंत जातो. दुतर्फा झाडं. वाहन एकही नाही. खात्री करायला तीन वेळा जाऊन आलो. तिन्ही वेळा रस्त्यावर मी सोडून कोणी नाही.
इंजिनाने कुठेही कुरकुर केली नाही. नोंद: चढ अजिबात नाही. संपूर्ण सपाट. वयस्कांनाही योग्य.
वाटेत शेळ्या चारणाऱ्या काकू भेटल्या. हॉर्नने शेळ्या बिथरतात, वाजवू नका म्हणाल्या. रस्ता वाहनमुक्त असल्यामुळे इथे हॉर्न वाजवायची कोणाला गरजच पडणार नाही, हे मी त्यांना पटवून दिलं. शांतता किती आहे ते कळावं म्हणून एकदा वाजवून दाखवला. फार छान घुमला.
बघतो तर काकू समोर नव्हत्या. शेळ्यांमागे धावत गेल्या होत्या.

१४ नोव्हेंबर
सायकलची सीट आपोआप चार बोटं खाली गेली आहे. न वापरता ही गत! चाकांना चिखलही लागलाय. अडगळीच्या खोलीत चिखल येतो कुठून? भिंतीला ओल असणार.
सायकलवाल्याला जाऊन चांगलं फैलावर घेतलं. तो उलट बाईसाहेब कशा आहेत म्हणून विचारायला लागला. अंगाशी आलं की विषय बदलणारी माणसं मला आवडत नाहीत. सीट वर केली, स्क्रू आवळला.

१५ नोव्हेंबर
सीट पुन्हा खाली.

१६ नोव्हेंबर
उद्यापासून सायकल. नक्की.

१७ नोव्हेंबर
गुडघा. म्हणजे अजून दुखत नाहीये, पण दुखेल असं वाटतं. पाहणी गाडीने चालू.

२१ नोव्हेंबर
आज त्या रस्त्यावर पहिल्यांदाच अडथळा. हेल्मेट घातलेली कोणी बाई सायकलवर, ऐन वळणावर माझ्यापुढे. किती हॉर्न दिले तरी बाजूला होईना. शेवटी कडेने गाडी काढली. डबक्यातलं पाणी थोडंसं उडालं. आरशात पाहिलं तर ती हात हलवून काहीतरी ओरडत होती. आभार मानत असावी.
चेहरा लक्षात राहिला नाही, गॉगलची फ्रेम राहिली. आपल्याच दुकानातली, तपकिरी ठिपक्यांची. आपलं गिऱ्हाईक आणि रस्त्यावर वागायची ही तऱ्हा, याचं वाईट वाटलं.
घरी आलो तर सौ.चे कपडे चिखलाने माखलेले. कोणा गाडीवाल्याने उडवलं म्हणे. विचारलं, नंबर घेतलास का? म्हणाली, पाठ आहे. लोकांना गाड्या चालवायची अक्कल नसते यावर आमचं एकमत झालं. त्या विषयावर मी बराच वेळ बोललो. ती केस धूत होती.

२७ नोव्हेंबर
कचेरीत अहवाल दिला. तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, स्वतः सायकलने फिरलात ना? मी म्हटलं, या रस्त्याचा खडा न् खडा मला ठाऊक आहे. हे खोटं नाही. त्यातले निम्मे गाडीच्या टायरने उडवलेत.
रात्री पाटीचा मजकूर ठरवला. सौ.ला विचारलं, नाव पूर्ण बरं दिसेल की नुसती आद्याक्षरं? ती म्हणाली, ते राहू द्या, एकदा माझ्याबरोबर चला की तळ्यापर्यंत. म्हटलं, निकाल लागू दे. मग काही बोलली नाही. पूर्वी ती अशी गप्प झाली की मला चैन पडत नसे. आज पाटीच्या मजकुराची पक्की प्रत काढायची होती.

६ डिसेंबर
अधिकारी बाई स्वतः दुकानात आल्या. आपला रस्ता निवडला! हातातलं भिंग खाली पडलं. चहा मागवला.
बाई म्हणाल्या, एकच अडचण होती. त्यांनी शेळीवाल्या काकूंकडे चौकशी केली आणि त्या रस्त्याने रोज सायकल चालवणाऱ्या एका बाईंकडेही. दोघींचं एकच म्हणणं: रस्ता सुरेख आहे, पण एक करडी गाडी पिच्छा सोडत नाही. सगळ्या रस्त्याला वाहन म्हणून तेवढंच आणि ते ढीगभर वाहनांचा गोंगाट करतं. माझं डोकंच फिरलं. असल्या माणसाला त्या रस्त्यावर फिरकू देऊ नका, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. बाई म्हणाल्या, तेच ठरलंय, तोंडाशी लोखंडी खांब रोवतोय. आणि त्यांनी गाडीचा नंबर सांगितला.
चहाचा कप तसाच खाली ठेवला. तेवढ्यात सौ. आतल्या खोलीतून गॉगल पुसत बाहेर आली. तपकिरी ठिपक्यांची फ्रेम.
जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण दुकानाला फरशी आहे.
बाईंनी विचारलं, मग पाटीवर नाव कोणाचं लावू? मी म्हणणारच होतो की हिचंच लावा. म्हणजे बहुतेक म्हटलं असतं. त्याआधी सौ.च म्हणाली, रस्ता ह्यांनीच शोधलाय, ह्यांचंच लावा. पूर्ण नाव लिहा, ह्यांना आवडतं. मला तिच्याकडे बघवेना. लाज वाटली. समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसलो.

१३ डिसेंबर
पाटी लागली. वर मोठ्या लाल अक्षरांत: मोटारगाड्यांना सक्त मनाई. लगेच खाली माझं नाव. पूर्ण. वाचणाऱ्याला वाटावं, मनाई मला एकट्यालाच आहे. सौ.ने काकूंना पाटी वाचून दाखवली. काकू म्हणाल्या, बरं केलंत, नावानिशी लिहिलंत ते.
सौ. सायकलवाल्याकडून दुसरी सायकल घेऊन आली होती. सीट उंच करून. चला म्हणाली. गुडघा आठवला, पण तोवर ती निघालीसुद्धा.
वीटभट्टीपासून ओढ्यापर्यंत मी उत्तम चालवली. ओढ्यापुढे सगळे गिअर लावून पाहिले. मग उतरलो. मग ढकलली. मग सायकलला टेकून उभा राहिलो. काकूंच्या शेळ्या पुढे निघून गेल्या. सौ. वर जाऊन थांबली, खाली आली, पुन्हा वर गेली, मला सोबत म्हणून. मी धापा टाकत कडेला बसलो, तेव्हा तीही बसली. तिथे पाखरं इतकी ओरडतात हे मला माहीत नव्हतं. गाडीच्या काचा वर असायच्या.
तळ्यापर्यंत पोचलो नाही. ती म्हणाली, उद्या अजून थोडं वर जाऊ.
अहवालात दुरुस्ती: रस्ता शांत आहे. सपाट नाही.