सोळा बाइट कमी

३ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. खिडकीजवळचं टेबल मिळालं, खुर्ची करकरत नाही, मशीनमधला चहा पिण्यालायक आहे. कंपनी श्वासाची यंत्रं बनवते. दोन वर्षं अप्पा ज्या यंत्रावर आहेत ते इथलंच. म्हणून तर मी ही नोकरी धरली. त्यातला कर्नल, म्हणजे यंत्राची सगळी कामं वाटून देणारा मुकादम, आता माझ्या हाताखाली. आई म्हणाली, घरात तुझं कुणी ऐकत नाही, निदान तो तरी ऐकेल.

५ जून
माझं काम मोजणीचं. कर्नल प्रत्येक कामासाठी एक थ्रेड, म्हणजे एक गडी, चालवतो आणि त्याला स्वतःची थोडी मेमरी देतो. तिला स्टॅक म्हणतात. ती संपली की यंत्र बंद. म्हणून आधी सगळा स्टॅक एकाच खुणेने भरायचा, विहिरीला आतून चुना फासावा तसा. थ्रेड जिथवर पोचला तिथवरच्या खुणा पुसतात. राहिलेल्या मोजल्या की शिल्लक जागा कळते. शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ, ज्यांना सगळे भिंग म्हणतात, त्यांनी बजावलं की पुसलेली खूण परत येत नाही. बाकी सगळं इथे दुरुस्त होतं.

अप्पा ऐकून खूष. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. अजून जेवताना आमची डोकी बोटाने मोजतात. म्हणाले, पोरगी शेवटी माझ्याच वळणावर गेली.

१० जून
घरचं यंत्र चाचणीसाठी नेटवरून ऑफिसला जोडायची परवानगी मिळाली. अठरा थ्रेड ठणठणीत. एकोणिसावा कुणाचा ते कळेना. त्याला नाव नाही, काम नाही, एकदाही जागा झालेला नाही. शिल्लक ६४० बाइट. पुन्हा पाहिलं तर ६२४. झोपलेल्याच्या ताटातला घास कमी व्हावा तसं.

११ जून
६०८. ५९२. भिंगांना विचारलं. ते म्हणाले, तुझा मोजणीचा कोड त्याच्याच स्टॅकवर चालत असणार, नवी माणसं ही चूक करतातच. विहिरीत उतरून पाणी मोजलं की पाणी चढणारच. खो खो हसले. पण मग जागा एकदाच कमी व्हायला हवी, दर वेळी नाही, असं मी म्हटलं. ते हसायचे थांबले.

१३ जून
काल-आज मिळून बारा वेळा पाहिलं. ४००.

अप्पांची तक्रार आहे की बरगड्यांना आतून कुणीतरी बोट लावतं, एकेक मोजल्यासारखं, आणि मग एक श्वास चुकतो. आईने आजच्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवल्यात. अकरा दहा. दोन पंचवीस. चार.

आज मी मोजलं त्याच वेळा.

१४ जून
पाहायचं नाही असं ठरवलं. पण किती उरलंय हे कळल्याशिवाय बसायचं कसं? दुपारी एकदाच पाहिलं. मग, ते बरोबर होतं का, ते पाहायला पुन्हा. नऊ वेळा झालं. २५६.

१६ जून
यंत्र बदलून आणलं. नवं, सील न फोडलेलं. त्यातही एकोणिसावा आहे. २४० पासून पुढे —

आई फोनवर रडत होती. मी तिला थांब म्हटलं. आकडा पाहत होते.

१७ जून
३२.

१८ जून
पुसलेली खूण परत येत नाही म्हणे. मी आणली. एकोणिसाव्याच्या स्टॅकमध्ये हाताने खुणा भरल्या, काठोकाठ. ६४०. मोजणीचा कोड काढून टाकला. घरी गेले तर अप्पा नळी काढून उठून बसलेले. आईला म्हणाले, चहा टाक, तीन डोकी आहेत.

भिंगांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की चुना आणलास कुठून?

जिना चढताना धाप लागली.

२१ जून
डॉक्टरांना काही सापडत नाही. यंत्र आता मला लावलंय. पलंगही अप्पांचाच. यंत्राचा पडदा भिंतीकडे फिरवून घेतला. मी पाहणार नाही. कुणी पाहिलं नाही तर —

२३ जून
बरगडीवर बोट. आतून.

अप्पा उशाशी बसलेत. भिंगांना फोन करून त्यांनी सगळं विचारून घेतलं — कोड पुन्हा कसा चढवायचा, कुठलं बटण, कुठला आकडा. पडदा स्वतःकडे वळवलाय. आईला म्हणत होते, पोरीने माझी एवढी काळजी घेतली, मी एवढंही करू नये?

दर तासाला —

२४ जून
दर पाच मिनिटांनी. अप्पांची नळी नाकाला होती, माझी घशात, बोलता येत नाही. वहीत लिहून दाखवलं, मोजू नका. अप्पांनी चष्मा घरभर शोधला, नाही सापडला; पडद्यावरचे ठळक आकडे तेवढे दिसतात त्यांना. म्हणाले, पडून राहा, हिशेब माझ्याकडे आहे. हात थोपटला.

आकडा मोठ्याने वाचतात, बसमध्ये डोकी मोजताना म्हणायचे तसा. चौसष्ट. अठ्ठेचाळीस —

मोठ्या अक्षरांत लिहिते — अप्पा नका — वही उलटी धरून पाहिली त्यांनी, परत दिली — आईला हाक मारतायत, चष्मा आण गं —

बत्तीस म्हणाले. हसले. आता परत एकदा, खात्रीसाठी, बोट बटणावर — सो