टाइपरायटरवरचा कागद

३ मार्च

चि. दिग्दर्शकास,

मावशीचे अनेक आशीर्वाद. पत्र वाचून होईपर्यंत तरी.

तुझ्या कोर्टाच्या विनोदी सिनेमाची जाहिरात पाहिली. टायपिस्टचं काम करणाऱ्या नटीला टाइप करता येत नाही, म्हणून फक्त तुझे हात घेतो, असं म्हणाला होतास. मग जाहिरातीत मी टाइप केलेला कागद कसा आला? मला नुसती टकटक जमत नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी पट्टी मारून शिकवलंय, बोटं चालली की खरंच लिहायचं. म्हणून शूटिंगच्या वेळी लिहिलं: न्यायाधीश झोपले आहेत, उठवण्यासाठी पेन्सिल पाडली.

एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट म्हणून मी आमच्या न्यायाधीश साहेबांसाठी पेन्सिली पाडल्या, पण कागदावर अवाक्षर येऊ दिलं नाही. आता शेजारची पोरगी मोबाइलवर जाहिरात थांबवून ती ओळ मोठ्याने वाचते! साहेब ब्याऐंशीचे आहेत. अजून वाढदिवसाला फोन करतात, माझ्या चोख कामाचं कौतुक करतात. पहिल्या खेळाच्या आत ती ओळ काढ, नाहीतर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.

तुझी (सध्यापुरती)
मावशी

९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

ओळ निघाली नाही. निर्मात्यांना तीच सगळ्यात आवडते, आणि पेन्सिलीची गंमत आपल्यालाच सुचली असं नटीने मुलाखतीत सांगूनही टाकलंय.

त्यात काल पहिल्या खेळाला साहेब आले. गाढवपणा माझाच, आमंत्रण आधीच गेलं होतं. वकिलांच्या भांडणाला खो खो हसले. तुझे हात पडद्यावर आले तशी माझी पाचावर धारण बसली. वळून पाहतो तर साहेब डाराडूर! माझ्या हातातला किल्ल्यांचा जुडगाच खाली पडला. ते दचकले, आक्षेप मंजूर असल्याचं जाहीर केलं आणि पुन्हा कलंडले. त्यांनी काहीच वाचलं नाही. आता तरी दार उघडशील ना?

मायेत कपात नसावी.

तुझा भाचा

१२ मार्च

चि. गाढवास,

आशीर्वाद, मोजकेच.

सुटले एकदाची, असं वाटायला हवं होतं. पण जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं टाइप केलं, स्वतःची अशी एकच ओळ लिहिली, आणि तेवढ्यातच या माणसाने झोप काढावी? आणि किल्ल्या कसल्या पाडतोस! त्याने सगळं थिएटर उठतं. पेन्सिलीने फक्त साहेब उठतात. तुझ्या नटीलाही कळव.

रविवारी साहेबांना घेऊन पुन्हा सिनेमाला जाते आहे. पेन्सिल पर्समध्ये टाकली आहे. कागद येण्याच्या जरा आधी पाडीन.

दार उघडं आहे. चपला बाहेर काढ.

मावशी