तोफेच्या मागे उभा असतो तो

माणिकपूर, वसई
७ जानेवारी २००४

प्रिय फ्रेडी,

माझी भाषणं निमूट ऐकावी लागलेल्या समस्त श्रोत्यांमध्ये तू सगळ्यांत जुना. तुम्हा सगळ्यांची माझ्याविरुद्ध एकच तक्रार आहे आणि ती मला ठाऊक आहे: ही बाई दुसऱ्याला बोलू देत नाही. पप्पांची तीच होती, शाळेतल्या शिक्षकांची तीच आहे, आणि चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मला पाहून बाजूच्या दाराने सटकणाऱ्यांचीही तीच. तक्रार मान्य. म्हणून आज लिहिते आहे. कागद मध्येच घडी घालून ठेवता येतो. हा मात्र ठेवू नकोस, काम आहे.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. हेलनचा गुडघा कसा आहे ते फोनवर विचारायचं राहिलं. ती म्हणाली, "बाय, ते फोनवर येणार नाहीत. काय असेल ते लिहून पाठवा," आणि तिच्या मागे तुझा खोकला ऐकू आला. तू आचोळ्यात, मी माणिकपुरात. रिक्षात बसले तर तासाभरात तुझ्या दारात असेन. तरी पोस्टाचा डबा गाठते आहे.

काम असं. पाचूबंदरला जेटीवरच्या क्रुसाचा चौथरा खचला होता. नवा पाया खणताना गाळात एक तोफ लागली. कॉन्रॅड नाखवा आठवतो ना, ज्याच्या होडीत तू लहानपणी पोटातलं सगळं बाहेर काढलं होतंस? त्याने ठरवलं, तोफ धुऊन-पुसून क्रुसाच्या पायाशी ठेवायची. रविवारी, १८ तारखेला, फादर नव्या क्रुसाला आणि होड्यांना आशीर्वाद देणार. त्या दिवशी दोन शब्द बोलायला मला बोलावलं.

क्रुसाच्या पायाशी तोफ! मी भाषण तयार करूनच गेले. ज्याने गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल केला, त्याच्या पायाशी हे? पहिलं वाक्य ओठांवर होतं. मग मी ती तोफ पाहिली आणि वाक्य गिळलं.

लांबीला माझ्याएवढी, जाडीला केळीच्या खोडाएवढी. पण मागचा हातभर भाग नळीसारखा बंद नाही, वरून उघडा, पन्हळीसारखा. त्या पन्हळीत एक जाड लोखंडी मग बसवलेला, चक्क कानासकट. मगाचं तोंड नळीकडे, बूड आपल्याकडे, आणि बुडामागे आडवी ठोकलेली पाचर. सगळं गंजून एकजीव झालेलं.

कॉन्रॅड म्हणाला, "मग अडकलाय, बाय. सुमेध वेल्डर शनवारी ग्यास घेऊन येनार. तापवला की सुटल. मंग त्याच मगात फादर आशीर्वादाचा पानी घेतील. दर्यातना आलेला मग, दर्यावर पानी शिंपडायला! कशी हाय आयडिया?"

सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला आपल्या घरातलं जेवणाचं टेबल दिसलं. तुला तोफांच्या कारखान्यात लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. आईची लोणच्याची बरणी तू पुढ्यात ओढलीस आणि विचारलंस, "बाय, हे झाकण लावायला किती फेरे द्यावे लागतात?" मी मोजून म्हटलं, चार. "लढाईत चार फेरे द्यायला वेळ कोण देणार?" मग खिशातून तू सुरूच्या लाकडाचा तो नमुना काढलास. तोफेचं मागचं दार. झाकणावरचे आटे तू उभ्या पट्ट्यांत तासून टाकले होतेस, आणि नळीच्या आतलेही तसेच. झाकण सरळ आत गेलं, जरासं फिरवलंस आणि ते घट्ट बसलं. एका फेऱ्याचा सहावा हिस्सा, बस्स. मी ते ओढून पाहिलं, पप्पांनी ओढून पाहिलं. निघालं नाही.

तेव्हाच तू सांगितलं होतंस की फार जुन्या तोफांना असे सुटे मग असत. दारू मगात भरायची, मग मागून बसवायचा, पाचर ठोकायची, बत्ती द्यायची.

म्हणजे हा मग नव्हे, फ्रेडी. ही दारूची कोठी आहे.

मी विचारलं, "पुढून काठी घालून बघितलीस?" कॉन्रॅडने वेळूची काठी घातली. मगापाशी पोचली आणि ठक्क वाजलं. लाकडावर लाकूड. आत बूच आहे.

"अडीचशे वर्सांच्या वर झाली चिखलात," तो म्हणाला. "दारू काय जिती ऱ्हाते? तूच सांग."

तीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत म्हणाले, "मला माहीत नाही. माझ्या भावाला माहीत आहे." त्यावर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आपलं सगळं त्यांना ठाऊक आहे.

घरी येऊन मी वाचायला बसले. वाचनालयात तोफांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं, माझ्याआधी ते कोणीही नेलेलं नव्हतं. चार दिवस शाळेतून आले की तेच. फ्रेडी, मी थक्क झाले आहे. मला वाटायचं, तोफ म्हणजे पुढचं तोंड. माणसाने शेकडो वर्षं डोकं घातलं आहे ते तिच्या मागच्या दारात! या मगाच्या आणि नळीच्या फटीतून ज्वाळा उलटी येई आणि गोलंदाजाचं तोंड भाजे. ती फट काही केल्या बुजेना. शेवटी मोठ्या तोफांसाठी जगाने हार मानली, मागचं दारच बंद करून टाकलं, आणि पुढची तीनशे वर्षं माणसं तोंडातून दारू ठासत राहिली. दार परत उघडायला तुझे ते तासलेले आटे यावे लागले. आणि फट बुजवायला ती गादी, ॲस्बेस्टॉस आणि चरबीची, दाराच्या आतल्या तोंडाला असलेल्या अळंबीच्या आकाराच्या डोक्यामागे बसवलेली. ते पान मी तीनदा वाचलं. स्फोट त्या डोक्याला मागे रेटतो, गादी चेपून कडेने फुगते आणि फट बंद करते. स्फोट जेवढा मोठा, तेवढं दार घट्ट. दार फोडायला आलेल्या जोरालाच दार धरून ठेवायला लावायचं! हे ज्याला पहिल्यांदा सुचलं असेल, तो त्या दिवशी जेवला असेल का रे?

युद्धाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, बदलणारही नाही. पण तू एकतीस वर्षं काय करत होतास ते मी कधी विचारलंच नव्हतं, हे कळलं.

तेव्हा एवढंच कळव: आच लावायची की नाही? सुमेध १७ तारखेला येतो आहे. त्या जून महिन्याबद्दल मी या पत्रात काही लिहीत नाही.

तुझी,
आल्बिना

---

माणिकपूर
१९ जानेवारी २००४

प्रिय फ्रेडी,

तुझं कार्ड गेल्या सोमवारी मिळालं. मायना नाही, खुशाली नाही, सहीसुद्धा नाही. पण अक्षर तेच, नकाशावर सूचना लिहिताना काढायचास तसं, एकेक सुटं. मला ते पाठ झालं आहे: "आच लावू नये. हातोडा मारू नये. वाळू देऊ नये, ओल्या गोणपाटात ठेवावी. पोलिसांना व किल्ल्याच्या खात्याला कळवावे. तज्ज्ञ माणूस येईपर्यंत पुढे किंवा मागे कोणी उभे राहू नये. मागे तर नाहीच." शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा.

मी रिक्षा करून तशीच पाचूबंदरला गेले. कॉन्रॅड कुरकुरला. "आठ दिवस तोफेला आंघोळ घालत बसू? लोक हसतील." मी एरवी त्याला तासभर सुनावलं असतं. या वेळी कार्ड पुढे केलं. त्याने ते ओठ हलवत वाचलं, खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि आतल्या बायकांना हाक मारली, "गोनपाटा आना गो!" आणि त्या कोळणींनी, फ्रेडी, पाळी लावून रात्रंदिवस त्या तोफेवर पाणी ओतलं, जशी घरात बाळंतीण असावी.

शनिवारी सकाळी खात्याचा माणूस आला, सोबत पोलिसांचा दारूगोळा जाणणारा अधिकारी. जेटी रिकामी केली. सुमेध सिलिंडर घेऊन आला होताच, तो बिचारा बाजूला बसून राहिला. पाण्याची धार सोडत त्यांनी दोन तास खपून पाचर काढली. नंतर तो मग उचलला. मगाच्या तोंडात लाकडाचं बूच, भोवती मेण की राळ कोण जाणे. बूच ओलं करत करत काढलं.

आत दारू होती. तळाशी कोरडी. काळी, दाणेदार, जशी काल संध्याकाळी कोणी भरून ठेवली.

अधिकाऱ्याने चिमूटभर कौलावर ठेवली, आम्हाला लांब केलं आणि काडी लावली. फस्स! पांढऱ्या धुराचा केवढा मोठा ढग उठला. अडीचशे वर्षं, फ्रेडी! ज्याने ती भरली त्याची हाडंही उरली नसतील, पण त्याचा राग त्या भांड्यात जसाच्या तसा होता. सुमेधने आपल्या सिलिंडरकडे पाहिलं आणि तो ओढत जेटीच्या पार टोकाला नेऊन ठेवला. तो नेमका त्या मगाच्या मागे गुडघे टेकून बसणार होता. आणि त्याच्या मागे बघे उभे राहणार होते, कडेवर पोरं घेऊन.

काल आशीर्वादाचा सोहळा झाला. तो मग खात्याने नेला होता, त्यामुळे फादरांनी प्लास्टिकच्या निळ्या बादलीतून पाणी शिंपडलं. कॉन्रॅड अजून हळहळतो आहे. मला माइकवर बोलावलं. तुझं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं आणि सगळ्यांना ते ऐकायचं होतं. मी वाचलं नाही. "माझ्या भावाने सांगितलं, तुम्ही ऐकलंत, म्हणून आज आपण सगळे इथे आहोत," एवढं म्हणून खाली उतरले. लोकांना वाटलं, बाईंना बरं नाही.

वाचलं नाही, कारण तू विश्वासाने दिलेलं मी एकदा लोकांसमोर वाचून दाखवलं आहे.

आता त्या जूनबद्दल लिहिते.

१९९८, ७ जून, रविवार. तू त्याच टेबलाशी बसला होतास. चाचणीच्या वेळी दार पुरतं फिरलं नव्हतं. पुरतं फिरल्याशिवाय बार उडूच नये म्हणून जी खीळ असते, ती झिजली होती. तू ती झीज पाहिली होतीस आणि आणखी एका दिवसापुरती सही दिली होतीस. बार मागे उलटला, आणि मागे चाचणी करणारा दिनानाथ उभा होता. चौकशीत त्याच्याच घाईवर ठपका ठेवला. तू म्हणालास, "बाय, तोफ पुढे कोणावर झाडायची ते ठरवणारे वेगळे. माझं काम एवढंच, की तिच्या मागे उभा असतो तो संध्याकाळी घरी जेवायला जावा. तो गेला नाही. त्याच्या बायकोला, मनोरमाबाईंना, सांगायचं आहे की चूक त्याची नव्हती, माझी होती. मला बोलता येत नाही. रविवारी माझ्याबरोबर चल." मी तुझ्या हातावर हात ठेवला आणि येते म्हणाले.

गुरुवारी माझी सभा होती, अणुस्फोटांच्या विरोधात. त्याबद्दल मला आजही लाज नाही. पण आभाळ भरून आलं होतं आणि लोक उठायला लागले होते. श्रोते हातातून निसटताना काय होतं ते तुला कळणार नाही. मला काहीतरी हवं होतं. मी म्हणाले, "विचारा माझ्या सख्ख्या भावाला, त्याच्या तोफेने पहिला बळी कोणाचा घेतला! विचारा दिनानाथचं नाव! विचारा, सही कोणाची होती!" उठलेली माणसं परत बसली. त्या दिवसाइतक्या टाळ्या मला नंतर कधीच मिळाल्या नाहीत. शेवटच्या रांगेत तू हेलनसोबत उभा होतास. टाळ्या थांबायच्या आत निघून गेलास.

शनिवारी ते साप्ताहिकात छापून आलं. मनोरमाबाईंनी तिथे वाचलं. रविवारी तू एकटा गेलास आणि त्यांनी दार उघडलं नाही. हे मला हेलनकडून कळलं, तेव्हा मी स्वतःला म्हणाले, सत्य शेवटी बाहेर आलंच ना. साडेपाच वर्षं मी हेच म्हणत आले, फार ठामपणे. परवा जेटीवर तो धूर पाहिल्यावर ते म्हणता येईना. सत्य तुझं होतं, तू ते जपून त्यांच्या दारापर्यंत नेणार होतास. मी ते सगळ्यांसमोर तुझ्या तोंडावर उडवलं.

मला क्षमा कर.

काल संध्याकाळी मी विरारला मनोरमाबाईंकडे गेले. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "पेपरात वाचलं होतं तुमचं भाषण. छान बोलता तुम्ही." मी मान खाली घातली. मग म्हटलं, "त्या रविवारी तो आला होता."

"आले होते. मी आतच होते. बराच वेळ उभे होते. कडी काढवली नाही."

"आता काढाल?"

त्यांनी पाण्याचा पेला उचलून आत नेऊन ठेवला. मग म्हणाल्या, "चौकशीच्या कागदावर यांची घाई लिहिली आहे. माझी मुलगी तेच वाचत मोठी झाली. यांची चूक नव्हती हे तिच्यासमोर कोणीतरी बोलायला हवं. पण त्यांनी. तुम्ही बोलणार असाल तर येऊच नका."

फ्रेडी, २५ तारखेला, रविवारी, दुपारी पावणेचार वाजता विरार स्टेशनच्या पूर्वेच्या जिन्याखाली ये. तुला जमेल तेवढं, जमेल तसं तूच बोल. अडखळलास तरी मी मध्ये पडणार नाही. मी फक्त तुझ्या शेजारी उभी राहीन. तू मला एवढंच मागितलं होतंस.

ये.

जिन्याखाली तुझी वाट बघणारी आणि त्या दिवशी एक शब्दही न बोलणारी,
तुझी बाय